परदेशातील पहिला आठवडा आणि राहत्या पत्त्याचा कागद

दि. १९ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शिक्षण पुरवणीतील परदेशी शिक्षणाविषयीचे लेख मी अकरावीपासून कात्रणे काढून जपत आले आहे. कोणत्या देशात शुल्क किती, भाषेची कोणती पातळी लागते, एपीएस प्रमाणपत्रासाठी (जर्मनीला जाण्यापूर्वी आपल्या शैक्षणिक कागदपत्रांची होणारी पडताळणी) अर्ज केव्हा करावा, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाची रक्कम आगाऊ भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीकच पैसे देणारे खाते) म्हणजे काय, व्हिसाच्या मुलाखतीला कोणती कागदपत्रे न्यावीत, हे सर्व मला या लेखांतून समजले आणि त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. मात्र या सर्व लेखांचा शेवट व्हिसाचा शिक्का मिळण्यापाशी होतो. विमानातून उतरल्यावर पहिल्या सात दिवसांत काय करायचे असते, कोणत्या क्रमाने करायचे असते आणि त्यातला एक कागद अडला तर पुढचे काय काय अडते, याविषयी मला कुठेच वाचायला मिळाले नव्हते. तो आठवडा मी नुकताच अनुभवला आहे. त्यात माझे जे नुकसान झाले ते टाळता येण्यासारखे होते आणि माझ्यामागून येणाऱ्यांचे तरी ते टळावे, या तळमळीने हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

मी कोल्हापूरची असून यांत्रिकी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या महाविद्यालयाच्या एका करारानुसार मी एका सत्रासाठी जर्मनीतील आखेन येथे आले आहे. आठवड्यातून दोन दिवस विद्यापीठात तासांना बसायचे आणि तीन दिवस उत्पादन तंत्रज्ञानाच्या एका संशोधन संस्थेत इंटर्नशिप करायची, असे माझ्या अभ्यासाचे स्वरूप आहे. आखेन हे बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेला लागून असलेले, सुमारे अडीच लाख वस्तीचे शहर आहे. इतिहासात ते सम्राट शार्लमेनच्या राजधानीमुळे आणि गंधकयुक्त गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे ओळखले जाते, आणि अभियांत्रिकीच्या जगात १८७० साली सुरू झालेल्या तेथील तंत्रविद्यापीठामुळे. जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांची संख्या आता सर्वाधिक आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ती ४९ हजारांवर होती. येथील बसथांब्यावर पाठीमागून मराठी बोलणे ऐकू आले तर दचकून वळून पाहण्याचे कारण उरलेले नाही. म्हणजेच मी ज्या आठवड्याविषयी लिहिते आहे, तो दरवर्षी आपल्याकडच्या हजारो घरांतल्या मुलामुलींच्या वाट्याला येत असणार.

मी २८ सप्टेंबरला, रविवारी, फ्रँकफर्टला उतरले. तेथून कोलोनपर्यंत तासाभराचा आणि पुढे आखेनपर्यंत जवळपास तेवढाच रेल्वेप्रवास करून संध्याकाळी मुक्कामी पोहोचले. जर्मनीत रविवारी दुकाने कायद्यानेच बंद असतात, हे मला ऐकून ठाऊक होते, पण ऐकणे आणि रात्री आठ वाजता भुकेल्या पोटी निर्मनुष्य रस्त्यावर उभे राहणे यांत फार अंतर आहे. मोठ्या रेल्वे स्थानकांतील काही दुकाने रविवारीही उघडी असतात, हे मला नंतर समजले. त्या रात्री मी आईने दिलेले भडंग खाऊन झोपले. हा त्रास तसा किरकोळ होता.

खरी अडचण सोमवारी सकाळी पुढे आली. जर्मनीत राहायला येणाऱ्या प्रत्येकाला घरात प्रवेश केल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आपला पत्ता नगर कार्यालयात नोंदवावा लागतो. येथील विद्यार्थी या नोंदणीला मूळ जर्मन शब्दानेच ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. या नोंदणीसाठी केवळ पारपत्र आणि व्हिसा पुरत नाही. ‘ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या घरात राहायला आली आहे’ असे घर देणाऱ्याने सही करून दिलेले पुष्टिपत्र सोबत लागते. नोव्हेंबर २०१५ पासून ते देणे घर देणाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे. हे एक पानी पत्र नसेल तर नोंदणी होत नाही. नोंदणीचा दाखला नसेल तर अनेक बँका चालू खाते उघडत नाहीत आणि ब्लॉक्ड अकाउंटमधले आपलेच पैसे मोकळे होत नाहीत. इंटर्नशिपचा भत्ता देण्यासाठी संस्थेला जो कर-क्रमांक हवा असतो, तोही नोंदणीनंतरच, काही आठवड्यांनी, घरच्या पत्त्यावर टपालाने येतो. आणि टपाल तरी केव्हा येते? खालच्या टपालपेटीवर आपले आडनाव लावलेले असेल तेव्हाच. कारण येथे पोस्टमन खोलीचा क्रमांक पाहत नाही, पेटीवरचे नाव पाहतो. आपल्याकडे पोस्टमन शेजाऱ्याला विचारून पत्र पोहोचवतो, त्यामुळे ही गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही.

माझ्याकडे हे पुष्टिपत्र नव्हते आणि मिळण्याची शक्यताही नव्हती. महाराष्ट्रातीलच एका सल्लागारामार्फत मी खोली ठरवली होती आणि दोन महिन्यांचे भाडे व सेवाशुल्क आगाऊ भरले होते. ‘विद्यापीठापासून दहा मिनिटांवर, सर्व सोयींसह’ असे त्या खोलीचे वर्णन होते आणि अंतराविषयीचा शब्द तेवढा खरा निघाला. प्रत्यक्षात दोन खोल्यांच्या त्या घरात आम्ही चार मुली होतो. ज्याने घर भाड्याने घेतले होते त्याने मूळ मालकाची परवानगी न घेताच आम्हाला पोटभाड्याने ठेवले होते. साहजिकच त्याने पुष्टिपत्रावर सही करण्यास स्पष्ट नकार दिला. सल्लागाराला फोन केला तेव्हा ‘नोंदणीचे नंतर पाहता येईल, सगळेच असे राहतात’ असे उत्तर मिळाले आणि त्यानंतर त्याने माझा फोन उचलणे बंद केले.

येथे मला स्वतःच्या चुकीविषयीही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. जुलै महिन्यात पैसे भरताना सल्लागाराने मला विचारले होते, ‘सगळे समजले ना?’ आणि मी ‘हो’ म्हटले होते. नोंदणीसाठीचे पुष्टिपत्र देणार का, घर कोणाच्या नावावर आहे, पोटभाड्याला मालकाची लेखी संमती आहे का, यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नाही, कारण असे प्रश्न असतात हेच मला ठाऊक नव्हते. माझ्या वडिलांनाही ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. शिरोली औद्योगिक वसाहतीत त्यांचे लेथकामाचे छोटे वर्कशॉप आहे. कच्च्या मालाच्या व्यवहारात कोणी पावतीशिवाय पैसे मागितले तर ते दुकानाबाहेर काढतील, पण मुलीच्या परदेशी शिक्षणाच्या व्यवहारात मात्र समोरच्याला अधिक समजते असे मानून त्यांनी विश्वास टाकला. असे कित्येक वडील असतील.

ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम ही आपल्या घरांसाठी लहान गोष्ट नव्हे. सध्या एका वर्षासाठी ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२ युरो, या हिशेबाने ती भरावी लागते. वर्षभराचे रुपयांत साधारण बारा लाख होतात. माझे सत्र सहा महिन्यांचे असल्याने आम्हाला त्याच्या निम्मी रक्कम भरावी लागली आणि त्यासाठी आजीच्या पाटल्या तारण ठेवाव्या लागल्या. तेवढे पैसे माझ्या नावावर सुरक्षित पडून असताना, केवळ पत्त्याचा कागद नाही म्हणून त्यांतला एकही युरो मला काढता येत नव्हता. सोबत आणलेल्या दोनशे युरोंवर आणि प्रवासी कार्डावर मी तो आठवडा काढला. विद्यापीठाच्या खानावळीत विद्यार्थ्यांना कमी दरात पोटभर जेवण मिळते, त्याचा मोठा आधार झाला. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या दुकानातील यंत्रात परत केल्या की प्रत्येकी २५ सेंट मिळतात, हेही मी त्याच आठवड्यात शिकले आणि घरातल्या चौघींच्या बाटल्या गोळा करून एके दिवशीचा पाव त्यातून आणला.

मंगळवारी मला दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून असे सुचवण्यात आले की पन्नास-शंभर युरो दिले तर कोणीतरी आपल्या पत्त्यावर माझी नोंदणी करू देईल, राहायला मात्र मी आहे तिथेच राहावे. सुचवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, ती आमच्यासारखीच अडलेली मुले होती. परंतु येथील नोंदणी कायद्यानुसार हे बेकायदेशीर ठरते, आणि प्रत्यक्ष राहायला न देता दुसऱ्याला नोंदणीसाठी पत्ता पुरवणाऱ्यास ५० हजार युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही माहिती मला इचलकरंजीच्या एका ताईने दिली. ती येथे दोन वर्षांपासून शिकते आहे आणि माझी तिची ओळख त्याच दिवशी, कपडे धुण्याच्या सार्वजनिक यंत्रांपाशी, मराठीत फोनवर बोलताना झाली. पुढचे दोन दिवस तिने माझ्यासोबत बसून खोल्यांच्या जाहिराती वाचल्या आणि त्या कशा वाचाव्यात हे शिकवले. जाहिरातीतले भाडे ‘थंड’ आहे की ‘ऊबदार’, म्हणजे हीटिंग आणि पाणी वगैरे खर्च त्यात धरले आहेत की नाहीत, हे आधी पाहायचे. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा अधिक घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ असे लिहिणारा कोणीही असो, त्याला उत्तर द्यायचे नाही. आणि घर पाहण्याआधीच, पहिल्याच निरोपात, पुष्टिपत्र देणार का हे विचारायचे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही, येथील प्रामाणिक घरमालकाला तो प्रश्न अपेक्षितच असतो.

या ताईसारखी माणसे भेटली म्हणून मी निभावले. पण कपडे धुताना योगायोगाने कोणीतरी आपल्या गावाकडचे भेटेल, या भरवशावर विद्यार्थ्याला दुसऱ्या देशात पाठवणे योग्य आहे का, हा प्रश्न मी आपल्या महाविद्यालयांना आणि पालकांना विचारू इच्छिते. हा प्रश्न कोल्हापूरच्या मुलीने विचारावा याला कारण आहे. खेड्यांतून शहरात शिकायला येणाऱ्या मुलापुढचा पहिला अडसर राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे हाच असतो, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले होते. म्हणून केवळ शाळांची दारे उघडून ते थांबले नाहीत, तर १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून एकेका समाजाच्या मुलांसाठी त्यांनी वसतिगृहे उभी केली, आणि कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी असे नाव मिळाले. निवास हा शिक्षणाचाच भाग आहे ही समज आपल्या मातीत इतकी जुनी असताना, आज परदेशी पाठवणीच्या वेळी आपण निवासाचा प्रश्न एखाद्या अनोळखी दलालाकडे सोपवून मोकळे होतो, याचे मला फार वाईट वाटते.

आता इंटर्नशिपविषयी. माझा पहिला दिवस बुधवार, १ ऑक्टोबर हा होता. त्या दिवशी आपल्याकडे खंडेनवमी होती. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये आदल्या रात्री यंत्रे धुऊन पुसून ठेवली जातात, सकाळी लेथला झेंडूची माळ घालून हळदकुंकू वाहिले जाते आणि दिवसभर कोणी यंत्र चालवत नाही. माझ्या हातीही त्या दिवशी सकाळी यंत्र आले नाही, कारण पहिले दोन तास केवळ सुरक्षेची माहिती देण्यात आली. केस बांधलेले आणि टोपीखाली असावेत, अंगठी व बांगडी काढावी, संरक्षक बूट व चष्मा नसेल तर रेषेच्या आत पाऊल टाकू नये, फिरणाऱ्या स्पिंडलजवळ हातमोजे घालू नयेत कारण मोज्याबरोबर हातही ओढला जातो, आपत्कालीन बटण कुठे आहे ते प्रत्येकाने स्वतः जाऊन दाबून पाहावे. शेवटी आम्ही प्रत्येकाने त्यावर सही केली. यंत्राविषयीचा आदर मला घरातूनच मिळाला होता, पण त्याला या शिस्तीची जोड हवी हे त्या दोन तासांत पटले. परत गेल्यावर वडिलांच्या चार कामगारांसाठी असे एक पान मराठीत लिहायचे मी ठरवले आहे.

मला दिलेले काम कर्तन-इन्सर्टची, म्हणजे लेथवर धातू कापणाऱ्या बदलता येणाऱ्या छोट्या पात्याची, झीज मोजण्याचे होते. लेथवर ठरावीक वेळ काम केल्यानंतर इन्सर्टच्या कडेवर जो झिजलेला पट्टा दिसतो, त्याची रुंदी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची आणि ती ०.३ मिलिमीटरपर्यंत पोहोचायला किती वेळ लागला याची नोंद करायची. माझे वडील ही झीज आवाजावरून आणि निघणाऱ्या धातूच्या चिपच्या रंगावरून ओळखतात, त्यामुळे काम मला आपले वाटले. मार्गदर्शकांनी मला सांगितले की भिंग बदलले की प्रत्येक वेळी प्रमाणपट्टी ठेवून मोजमाप पुन्हा जुळवून घ्यायचे, आणि विचारले, समजले का? मी मान हलवून ‘हो’ म्हटले. खरे तर त्यांच्या बोलण्यातला निम्मा भाग मला समजला नव्हता. गुरुवारी दुपारपर्यंत मी चाळीस कडा मोजल्या, त्यांतल्या पहिल्या सहा सोडून सर्वांची मोजमापे चुकीच्या प्रमाणात निघाली. तो दिवस दसऱ्याचा होता.

मार्गदर्शक रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारले की काल तू ‘हो’ म्हणालीस तेव्हा तुला समजले होते, की तू ऐकते आहेस एवढेच सांगत होतीस? या प्रश्नाने मी अंतर्मुख झाले, कारण दुसरी गोष्टच खरी होती. आपल्याकडे थोरांचे बोलणे ऐकताना मान हलवणे हा आदर आहे. मधेच ‘थांबा, मला हे कळले नाही’ म्हणणे उद्धटपणा वाटतो, आणि वर्गात तसे म्हणणाऱ्याकडे बाकीचे वळून पाहतात. प्रयोगशाळेत वाचने एकाने घ्यायची, ती सर्वांनी जर्नलमध्ये उतरवायची आणि सबमिशनच्या आदल्या रात्री आलेख काढायचे, अशा रीतीने तीन वर्षे काढल्यावर आपले स्वतःचे मोजमाप चुकू शकते ही जाणीवच राहत नाही. येथे माझ्याबरोबर इंटर्नशिप करणारी, माझ्याहून लहान असलेली एक मुलगी मार्गदर्शकांना दर दहा मिनिटांनी प्रश्न विचारत होती, आणि मला आधी तिची कीव आली होती. शुक्रवारी, ३ ऑक्टोबरला, जर्मन एकीकरणाची सुट्टी होती. त्या दिवशी खोलीत बसून मी बुधवारपासून न समजलेल्या सतरा गोष्टी कागदावर लिहिल्या आणि पुढच्या बुधवारी तो कागद घेऊन गेले. त्या सतरा प्रश्नांना उत्तरे द्यायला त्यांना पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी पहिल्या दिवशी मागितला असता तर दीड दिवसाचे काम वाया गेले नसते.

इंटर्नशिपच्या पैशांविषयीही स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण ‘इंटर्नशिपमधून खर्च भरून निघेल’ असे आश्वासन अनेक पालकांना दिले जाते. जर्मनीत २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.८२ युरो होते हे खरे आहे. परंतु अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग असलेल्या इंटर्नशिपला आणि तीन महिन्यांपर्यंतच्या काही ऐच्छिक इंटर्नशिपना हा नियम लागू होत नाही. संस्था भत्ता देते तो तिच्या इच्छेने. मला मिळणारा भत्ता माझ्या खोलीच्या भाड्याहून कमी आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही, कारण तो आकडा मला आधीच लेखी कळवला होता. इतर नोकरीसाठी परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस एवढी मर्यादा आहे. अनिवार्य इंटर्नशिप या दिवसांत मोजली जात नाही, ऐच्छिक इंटर्नशिप मात्र मोजली जाते. हा फरक ठाऊक नसल्याने पुढच्या सत्रात अडचणीत आलेले विद्यार्थी मी येथे पाहिले आहेत. आरोग्य विम्यासाठी दरमहा सुमारे १४० ते १५० युरो जातात, आणि विमा कंपनीने विद्यापीठाला कळवल्याशिवाय प्रवेशनोंदणी पूर्ण होत नाही. सत्रशुल्क तीनशे युरोंहून थोडे अधिक आहे, मात्र त्यात बस व स्थानिक रेल्वेचा पास येतो, हे पालकांना सांगितले तर त्यांना ती रक्कम एवढी जाचणार नाही.

भाषेविषयी एकच सांगते. माझा अभ्यासक्रम इंग्रजीत आहे आणि तासांना काही अडत नाही. परंतु भाडेकरार, विम्याची पत्रे आणि कार्यालयांतले अर्ज जर्मनमध्ये असतात. पुण्याला जर्मन भाषा शिकवणारे मॅक्सम्युलर भवन असल्याने तिथल्या मुलांना जे सहज मिळते, ते आमच्या भागात शोधावे लागते. मी दुसऱ्या पातळीपर्यंत शिकून आले होते आणि तेवढ्यानेही मला भाडेकरारातील ‘पोटभाड्यास मालकाची संमती आवश्यक’ हे वाक्य वाचता आले. ते वाचता आले म्हणूनच मी पहिल्या घरातून बाहेर पडले.

त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी घरी फोन करत होते. भारताचे घड्याळ तेव्हा येथून साडेतीन तास पुढे होते, त्यामुळे माझे काम संपेपर्यंत घरी रात्र झालेली असे आणि आई झोप आवरून बसलेली असे. खोली चांगली आहे का, जेवलीस का, काम जमते का, या तिच्या तिन्ही प्रश्नांना मी सातही दिवस ‘हो’ म्हटले. दसऱ्याच्या रात्री तिने फोनवर वर्कशॉपमधली पूजा दाखवली, सोने म्हणून माझ्या नावाची आपट्याची पाने देवापुढे ठेवलेली दाखवली, आणि तेव्हाही मी चुकलेल्या मोजमापांविषयी किंवा पुष्टिपत्राविषयी बोलले नाही. रविवारी मात्र सर्व सांगितले. ती रडली नाही. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी सल्लागाराच्या कार्यालयात जाऊन, भरलेल्या पैशांची पावती टेबलावर ठेवून, दीड महिन्याचे भाडे परत मिळवले. मी सोमवारीच सांगितले असते तर हे आठवडाभर आधी झाले असते. परदेशात असलेल्या आपल्या मुलाला पालकांनी ‘सगळे ठीक आहे ना’ असे न विचारता, ‘आज कोणता कागद झाला आणि कोणता राहिला’ असे विचारावे, असे मी या अनुभवावरून कळकळीने सुचवते. त्या प्रश्नाला नुसते ‘हो’ म्हणता येत नाही.

६ ऑक्टोबरला मी नव्या खोलीत राहायला गेले. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाच्या सूचनाफलकावर ती जाहिरात होती. सहा महिन्यांसाठी दुसऱ्या शहरात गेलेल्या एका विद्यार्थ्याची ती खोली आहे, मूळ मालकाची संमती लेखी आहे आणि पुष्टिपत्र मला किल्लीसोबतच मिळाले. ९ तारखेला नोंदणी झाली. सत्राच्या सुरुवातीला विद्यापीठांच्या सर्वच शहरांत या कामाच्या भेटीच्या वेळा लवकर भरतात. त्यामुळे पारपत्र हाती असताना भारतातूनच वेळ घेऊन ठेवता आली तर घ्यावी, असे ताईने मला सांगितले आणि ते मी पुढे सांगते आहे.

आपल्या महाविद्यालयांकडून माझी अपेक्षा मोठी नाही. विद्यार्थी निघण्यापूर्वी एक दिवस त्यांना बसवून या कागदांचा क्रम समजावून सांगावा. त्या शहरात आधी गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याशी त्यांचा आधीच संपर्क करून द्यावा. निवासाचे पैसे कोणालाही देण्यापूर्वी पुष्टिपत्र देण्याचे लेखी आश्वासन घेतले आहे की नाही, हे विभागातील एका शिक्षकाने तपासावे. करारावर सह्या होतात तेव्हा छायाचित्रे काढली जातात आणि ती वृत्तपत्रांतही येतात, त्याच फाइलमध्ये हे एक पान ठेवायला खर्च येणार नाही. प्रात्यक्षिकाच्या तासाला मात्र जर्नल तपासण्याऐवजी ‘तुला काय समजले नाही ते लिहून आण’ असे सांगणारे शिक्षक वाढावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ते एका दिवसात होणार नाही हे मला समजते.

शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे अधिकच निकडीचे आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या योजनेतून अनेक जण घराण्यातले पहिलेच म्हणून परदेशी जातात. त्यांच्याकडे पावती घेऊन दलालाच्या दारात जाऊन बसणारे वडील शहरात असतीलच असे नाही. निवडपत्रासोबतच त्यांना त्या त्या देशाच्या पहिल्या आठवड्याची माहिती मराठीत छापून दिली तर तिचा उपयोग होईल.

आपल्या दैनिकाला माझी विनंती अशी आहे की शिक्षण पुरवणीत या विषयाला एकदा पूर्ण पान द्यावे आणि ते शक्यतो डिसेंबर किंवा जानेवारीत द्यावे. जर्मनीतील उन्हाळी सत्र १ एप्रिलला सुरू होते. मार्चमध्ये निघणारे विद्यार्थी जानेवारीपासूनच खोल्या शोधू लागतात, आणि त्याच सुमारास सल्लागारांना पैसेही दिले जातात. मी येथील चार-पाच मराठी विद्यार्थ्यांच्या मदतीने खोलीविषयी विचारायचे प्रश्न मराठी व जर्मन अशा दोन्ही भाषांत लिहून काढले आहेत. पुष्टिपत्राचा नमुना, जाहिरातीतील शब्दांचे अर्थ आणि कागदांचा क्रम असे सर्व मिळून ते तीन पाने झाले आहे. आपण कळवल्यास ते कोणत्याही मोबदल्याशिवाय, आणि माझे नाव न छापण्याच्या अटीवर, आपल्याकडे पाठवीन.

आपली नियमित वाचक,
अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी
(मूळ गाव कोल्हापूर, सध्या मुक्काम आखेन, जर्मनी)